पाच मैत्रिणींचं एक दुपटं

मोठी गोधडी एकटीनं महिनाभर शिवत बसावी. तान्ह्या बाळाचं दुपटं मात्र पाच जणींत शिवण्याचीच वस्तू आहे. इंदुरात महिन्याची भिशी बहुतेक मराठी घरांना ठाऊक आहे. त्याच बैठकीत हे काम बसतं: पहिल्या महिन्यात तुकडे, दुसऱ्यात टाके, तिसऱ्यात काठ.

माप आधी ठरवा, कारण सगळ्या गोंधळाचं मूळ तिथेच असतं. दुपटं साधारण ९० × ७५ सेंमीचं. वरच्या थरासाठी १७ सेंमीचे ३० चौकोन लागतात, सहा-सहांच्या पाच ओळी. प्रत्येकीनं आपल्या घरच्या कापडाचे सहा चौकोन कापून, बाजूनं १ सेंमी दाब सोडून, आपली ओळ घरूनच जोडून आणावी. पुठ्ठ्याचा एकच साचा पाचही घरांत फिरवा. प्रत्येकीनं आपापल्या पट्टीनं मापलं की ओळी हमखास कमी-जास्त भरतात, आणि मग ताणून जोडलेली ओळ पहिल्या धुण्यात सुरकुतते.

आतले थर आणि अस्तर यांना एक जुनी पाचवारी सुती साडी पुरते. ९२ × ७७ चे चार थर आणि ९८ × ८३ चं एक अस्तर काढूनही जवळपास दीड मीटर उरतं. निऱ्यांचा आणि टाचेकडचा विरलेला भाग वगळा. घरात साडी नसेल तर एम. टी. क्लॉथ मार्केट किंवा शीतलामाता बाजारातून मलमल घ्या, पण ती धुऊन, खळ काढून, वाळवूनच कापा. खळ राहिली तर सुई अडते, आणि न धुतलेलं कापड नंतर आटून गोळा होतं. लाल, मरून आणि निळ्या कापडावर ओला पांढरा फडका घासून बघा. रंग उतरला तर ते कापड घेऊ नका.

महेश्वरीचा मोह इथे आवरावा. तिच्यात ताणा, म्हणजे उभा धागा, बहुधा रेशमी असतो, म्हणून ती सुती थरावर सरकते. जरीचा काठ तर बाळाला टोचतोच. निव्वळ सुती महेश्वरी असेल तर चालेल, काठ कापून. टिकल्या, बटणं, मणी काहीही नको.

चारपेक्षा जास्त थर घालू नका. सुई जड जाते, बोटं दुखतात, आणि पावसाळ्यात दुपटं आतून दमट राहून वास मारतं.

अस्तर उलटं अंथरा, त्यावर थर, त्यावर जोडलेल्या ओळी सुलट. हातानं सळ काढून आधी मधोमध उभे-आडवे आणि मग तिरके कच्चे टाके घाला. आता दोघी या लांब बाजूला, दोघी समोर. पाचवी दोरे ओवून देते आणि सुया मोजते: सुरुवातीला जितक्या, उठताना तितक्याच.

धावदोरा मध्यापासून घाला. सरावलेले हात कडेकडून आत येतात, पण चौघींनी तसं केलं तर सगळा सैलपणा मध्यात येऊन फुगा उठतो. टाक्यांची मधली ओळ आधी, मग दोन-दोन सेंमी अंतरानं प्रत्येकीनं आपल्या कडेकडे सरकावं. अर्ध्या ओळीला पाऊण मीटर दोरा, एकूण साठेक मीटर जाड सुती दोरा जवळ असावा. गाठ थरांत ओढून घ्या.

टाका अर्धा सेंमीचा. एकीचा हात बारीक, दुसरीचा मोकळा, हे दिसणारच, आणि ते दिसू द्यावं. काकूंचे टाके कुठले आणि नव्या वहिनींचे कुठले हे दहा वर्षांनीही बोट ठेवून सांगता येतं, आणि या दुपट्याची खरी मौज तीच. म्हणून दुसरीचा टाका उसवायला जाऊ नका. अपवाद एकच: सेंमीभर लांब, सैल टाक्यात बाळाचं बोट अडकतं. तो तिथल्या तिथे, जिचा तिनेच, पुन्हा घालावा.

शिवताना कापड दोनेक सेंमी आक्रसतं, म्हणून काठ शेवटी. वरचे थर सरळ कापून घ्या, अस्तर चारी बाजूंना ३ सेंमी बाहेर ठेवा. १ सेंमी आत दुमडून उरलेलं २ सेंमी वर घ्या आणि तुरपाई करा. कोपऱ्यावरचं जादा कापड तिरकं कापलं नाही तर तिथे गाठोडं होतं. शेवटी कच्चे टाके काढा.

बाळंतिणीला देण्यापूर्वी एकदा धुऊन कडक उन्हात वाळवा. वर्षाच्या आतलं बाळ झोपलेलं असताना दुपटं त्याच्या अंगावर मोकळं टाकू नये. जागं असताना खाली अंथरायला किंवा मांडीवर घ्यायला ते उत्तम. आणि ते वापरायला सांगा, कपाटात ठेवायला नव्हे. धुऊन धुऊनच सुती थर एकमेकांत बसतात आणि मऊ होतात.

साडीचं उरलेलं दीड मीटर कापड पाचांपैकी एकीनं जपून ठेवावं. वर्ष-दोन वर्षांत कोपरे विरतात, तेव्हा ठिगळ त्याच कापडाचं लागतं. नव्या कोऱ्या कापडाचं ठिगळ लावलं तर जुनं कापड त्याच्या कडेनं फाटत जातं.