केमोनंतर ताप आला, तर पहिला तास कसा सांभाळायचा

आधी आईची आणि मग दादाची कॅन्सरची केमो मी सांभाळली. थर्मामीटर, फाइल आणि डॉक्टरांचा रात्रीचा नंबर हाताशी आहे असं धरून पुढचं सांगते.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. कॅलेंडरवर त्या दिवसांना खूण करा.

सीबीसीच्या, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीच्या, रिपोर्टमध्ये एकूण पांढऱ्या पेशी 1,800 आणि त्यातले न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 20 टक्के असतील, तर न्यूट्रोफिल झाले 360. 500 च्या खाली म्हणजे जंतूंशी लढायला शरीरात जवळजवळ कोणी नाही.

ताप तोंडात मोजा, गुदद्वारात कधीच नाही. 100.4 फॅरेनहाइट दिसला की लगेच डॉक्टरांना फोन.

माझी चूक झाली ती इथेच. दादाच्या दुसऱ्या केमोनंतरचा दहावा दिवस, रात्रीचे साडेदहा, ताप 100.8. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, गोळी दे आणि झोपू दे त्याला." मी पॅरासिटामॉल दिली. तासाभरात ताप उतरला आणि मी निर्धास्त झोपले. पहाटे चारला तो थडथड उडत होता. हात बर्फासारखे गार, बीपी 80. पुढचे पाच दिवस आयसीयूत गेले.

म्हणून डॉक्टरांशी बोलण्याआधी तापाची गोळी द्यायची नाही, म्हणजे नाही. गोळीने ताप झाकला जातो, जंतू रक्तात वाढतच राहतात. "घसा लाल नाही, पू नाही, म्हणजे इन्फेक्शन नाही" असं सांगणाऱ्याचं तर मुळीच ऐकू नका. पू पांढऱ्या पेशींमुळे होतो. त्याच नसतील तर पू येणार कुठून? बहुतेकदा ताप ही एकच खूण असते, आणि स्टिरॉइड चालू असेल तर तीही दबते. ताप नसताना थंडी वाजली, गुंगी आली, धाप लागली, तरी हॉस्पिटलला निघा. घरात उरलेली अझिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिकची गोळीही देऊ नका. या रुग्णांत स्यूडोमोनाससारख्या जंतूंची धास्ती असते, त्यांना ती पुरत नाही.

कॅज्युअल्टीत रांगेत बसू नका. पहिलंच वाक्य असं बोला: "केमोचा पेशंट आहे, ताप आहे, पेशी कमी असतील." पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. त्याआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात कोणता जंतू आहे ते बघायची तपासणी; लाइन (केमोसाठी शिरेत बसवलेली नळी) असेल तर एक तिथून आणि एक हातातून. कल्चरला उशीर होत असेल, तर औषध मात्र थांबवू द्यायचं नाही. कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर तेव्हाच सांगा.

कल्चरचा रिपोर्ट साधारण दोन-तीन दिवसांत येतो आणि त्यानुसार डॉक्टर औषध बदलतात, कधी साधंही करतात. "भारीतलंच चालू ठेवा" असा हट्ट धरू नका, आणि ताप गेला म्हणून स्वतःच्या मनाने बंदही करू नका.

घरी सोडताना कोणता जंतू निघाला आणि कोणतं औषध लागू पडलं, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. पुढच्या वेळी ताप आला तर फाइलमधला तोच कागद सगळ्यात वर हवा.