एअरटेबलला एआय एजंट टर्मिनलमधून जोडताय? या चुका टाळा

शेतकरी उत्पादक कंपनीची सभासद यादी, क्लासची फी-नोंद, सोसायटीच्या तक्रारी अशा कितीतरी गोष्टी लोक आज एअरटेबल या ऑनलाइन डेटाबेस-सेवेत ठेवतात. त्यावर क्लॉड कोड किंवा कोडेक्ससारखा टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) चालणारा एजंट, म्हणजे स्वतः आज्ञा चालवणारा एआय मदतनीस, बसवला की रोजची आवराआवर तो करतो. जोडणी फार अवघड नाही, पण नंतर जे बिघडतं ते गुपचूप बिघडतं. एजंट ‘काम झालं’ म्हणतो आणि बेसमध्ये, म्हणजे एअरटेबलमधल्या तुमच्या डेटाबेसमध्ये, एक अक्षरही हललेलं नसतं, किंवा नको ते हललेलं असतं. खालच्या बहुतेक चुका या गुपचूप बिघडण्याच्याच आहेत. (आज्ञा आणि पर्याय इथे देवनागरीत लिहिले आहेत, टर्मिनलमध्ये रोमन अक्षरांतच टाइप करा.)

टोकन बनवलं, पण बेस जोडलाच नाही

एपीआय म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने एअरटेबलशी बोलायचा मार्ग. त्याच्या जुन्या एपीआय की फेब्रुवारी २०२४ पासून बंद आहेत. आता पर्सनल अॅक्सेस टोकन (पासवर्डसारखी गुप्त अक्षरमाला) लागतं आणि ते ‘पॅट’ या अक्षरांनी सुरू होतं. जुनी उदाहरणं इतकी पसरलेली आहेत की एजंट स्वतःही कधीकधी जुन्या कीचा कोड लिहून देतो. तो तसाच चालवू नका.

टोकन बनवताना दोन गोष्टी वेगवेगळ्या द्याव्या लागतात: स्कोप, म्हणजे काय करता येईल, आणि अॅक्सेस, म्हणजे कोणत्या बेसवर करता येईल. दुसरी हमखास राहून जाते. मग सर्व्हरकडून ४०३ हा त्रुटीचा आकडा येतो आणि संदेश असतो ‘इनव्हॅलिड परमिशन्स ऑर मॉडेल नॉट फाउंड’. परवानगी नाही की टेबलच सापडलं नाही, हे त्यावरून कळत नाही. एजंटला वाटतं टेबलचं नाव चुकलं, आणि तो एकामागून एक नावं बदलून बघत बसतो. त्याला आधीच लिहून द्या: ४०१ म्हणजे टोकन चुकीचं किंवा रिकामं, ४०३ म्हणजे थांब आणि मला विचार, ४२२ म्हणजे टोकन ठीक आहे पण पाठवलेला मजकूर चुकला.

स्कोप तीन द्या: रेकॉर्ड वाचणं, रेकॉर्ड लिहिणं आणि बेसची रचना वाचणं. तिसरा नसला तर एजंट फील्डची (स्तंभांची) नावं अंदाजाने लिहितो. आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्या: लिहिण्याच्या स्कोपमध्ये रेकॉर्ड डिलीट करणंही येतं. ‘लिही, पण काढू नकोस’ असा वेगळा स्कोप नाही. तो बांध तुम्हालाच घालायचा आहे, त्याबद्दल पुढे येतंच.

टोकन एजंटच्या शेलपर्यंत पोहोचत नाही

तुमच्या टर्मिनलमध्ये आज्ञा चालते, एजंटने चालवली की ४०१. शेल म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम. उबुंटूवर तो सुरू होताना वाचतो त्या बॅश-आरसी फाइलच्या सुरुवातीलाच एक तपासणी असते: शेल इंटरॅक्टिव्ह नसेल, म्हणजे समोर माणूस टाइप करत नसेल, तर पुढचं काही वाचायचं नाही. एजंट बहुधा असाच शेल उघडतो, त्यामुळे त्या फाइलच्या तळाशी एक्स्पोर्ट केलेलं टोकन त्याला मिळत नाही. खात्री करायला टोकन छापू नका, नाहीतर ते संभाषणाच्या नोंदीत जाऊन बसेल. त्याची लांबी छापा. शून्य आली की कारण सापडलं.

टोकन वेगळ्या फाइलमध्ये ठेवून तिची परवानगी ६०० (फक्त तुम्हालाच वाचता-लिहिता येईल अशी) करणं बरं. कर्ल, म्हणजे टर्मिनलमधून सर्व्हरला विनंती पाठवणारा प्रोग्राम, आवृत्ती ७.५५ पासून हेडर (विनंतीसोबत जाणारी माहिती, इथे टोकन) फाइलमधून वाचू शकतो, म्हणजे आज्ञेच्या ओळीत टोकन येत नाही. ‘-व्ही’ लावून तपासणी करू नका, त्यात ऑथरायझेशन हेडर छापला जाऊ शकतो.

सर्व्हरने नकार दिला, कर्ल म्हणतो सगळं ठीक

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. आज्ञा संपताना एक्झिट कोड देते, शून्य म्हणजे यशस्वी. सर्व्हरने ४२२ पाठवला तरी कर्लचा एक्झिट कोड शून्यच असतो, कारण उत्तर मिळालं एवढंच कर्लला पुरतं. एजंट एक्झिट कोड बघतो, शून्य दिसतो, आणि ‘४० नोंदी अद्ययावत केल्या’ असं लिहून मोकळा होतो.

उपाय एका पर्यायाचा: ‘--फेल-विथ-बॉडी’. कर्ल ७.७६ पासून तो आहे. नुसता ‘--फेल’ लावलात तर एक्झिट कोड बरोबर येतो, पण त्रुटीचा मजकूर गिळला जातो, आणि एजंटला दुरुस्तीसाठी नेमका तोच हवा असतो. पुढे उत्तर जेक्यूला (उत्तरातून हवी ती माहिती काढणाऱ्या आज्ञेला) देत असाल तर ‘सेट -ओ पाइपफेल’ही लावा, नाहीतर पाइपमधल्या शेवटच्या आज्ञेचाच कोड धरला जातो.

विंडोजवर पॉवरशेल ५.१ मध्ये ‘कर्ल’ टाइप केलं की खरा कर्ल चालतच नाही, ते दुसऱ्याच आज्ञेचं टोपणनाव आहे. तिथे ‘कर्ल डॉट ईएक्सई’ असं पूर्ण लिहा.

‘शेतकऱ्याचे नाव’ सापडत नाही

फील्डची नावं मराठीत असली की हा त्रास ठरलेला. स्क्रीनवर नाव अगदी तेच दिसतं आणि एपीआय ‘अननोन फील्ड नेम’ म्हणतो. ‘शेतकऱ्याचे’ मधला ऱ्य बघा. एक कीबोर्ड तो ऱ, हलन्त, य असा लिहितो, दुसरा र, हलन्त, झेडडब्ल्यूजे हे अदृश्य जोडचिन्ह, य असा. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण बाइट वेगळे आहेत. बेसमध्ये नाव एका पद्धतीने टाइप केलेलं आणि एजंटने दुसऱ्या पद्धतीने लिहिलेलं, तर ते दोन वेगळे शब्द ठरतात. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं सारखी करणारं युनिकोड नॉर्मलायझेशनही ही दोन रूपं एक करत नाही. नावाच्या शेवटी राहिलेली एखादी जागाही असाच घात करते.

म्हणून एजंटला नावं वापरूच देऊ नका. रचनेच्या एंडपॉइंटवरून (एपीआयच्या रचना देणाऱ्या पत्त्यावरून) टेबल आणि फील्डचे आयडी एकदा काढा. टेबलचा आयडी ‘टीबीएल’ने आणि फील्डचा ‘एफएलडी’ने सुरू होतो. कोणता आयडी कशाचा हे एजंटच्या सूचना-फाइलमध्ये लिहून ठेवा. कोणी उद्या स्तंभाचं नाव ‘सभासदाचे नाव’ केलं तरी काही तुटणार नाही. उत्तरातही आयडीच हवे असतील तर ‘रिटर्न-फील्ड्स-बाय-फील्ड-आयडी’ हा पॅरामीटर खरा करा.

फिल्टरच्या सूत्रात महिरपी कंस येतात आणि कर्ल ते स्वतःसाठी समजून यूआरएल फोडतो. सूत्र हाताने यूआरएलला चिकटवू नका. मोठ्या अक्षरातला ‘-जी’ आणि ‘--डेटा-यूआरएलएन्कोड’ ही जोडी वापरा, देवनागरी मजकूरही त्यातून नीट जातो. पूर्ण सूत्र एकेरी अवतरणात ठेवा, नाहीतर डॉलरचं चिन्ह शेल खाऊन टाकेल.

टाइपकास्ट लावला आणि पर्यायांची जत्रा झाली

सिंगल सिलेक्टमध्ये, म्हणजे यादीतला एकच पर्याय निवडायच्या फील्डमध्ये, नसलेला पर्याय पाठवला की ४२२ येतो. एजंट शोधून काढतो की ‘टाइपकास्ट’ खरा केला की त्रुटी जाते. जाते खरी, पण एअरटेबल तो पर्याय नव्याने बनवून टाकतं. चार दिवसांनी स्थितीच्या यादीत ‘पूर्ण’, ‘पुर्ण’, ‘पूर्ण झाले’ आणि ‘झाले’ असे चार पर्याय उभे असतात आणि ‘पूर्ण’वर लावलेला व्ह्यू अर्ध्या नोंदी दाखवतो. लिंक केलेल्या फील्डवर हे आणखी महागात पडतं: गावाचं नाव जुळलं नाही तर गावांच्या टेबलमध्ये नवी नोंदच तयार होते. टाइपकास्ट बंद ठेवा आणि चालणारे पर्याय सूचना-फाइलमध्ये अक्षरशः लिहून द्या. इथे ४२२ येणं चांगलं आहे, चूक तिथल्या तिथे कळते.

शंभरच नोंदी, आणि रिकामी फील्ड गायब

एका विनंतीत जास्तीत जास्त १०० रेकॉर्ड मिळतात. पुढचे हवे असतील तर उत्तरातला ‘ऑफसेट’ परत पाठवायचा. एजंटने तो पाहिला नाही तर ३४० सभासदांचा अहवाल १०० वर संपतो. एकूण आकडा अगदी १०० आला की संशय घ्याच.

रिकामी फील्ड उत्तरात येतच नाहीत, खूण न केलेला चेकबॉक्ससुद्धा. ‘हे फील्ड बेसमध्ये नाही’ असा निष्कर्ष एजंट काढतो तो यामुळेच.

लिहिताना एका विनंतीत १० रेकॉर्ड आणि एका बेसवर सेकंदाला ५ विनंत्या ही मर्यादा आहे. ती ओलांडली की ४२९ येतो आणि ३० सेकंद थांबावं लागतं. लगेच पुन्हा प्रयत्न करणारं लूप काही कामाचं नाही. मोफत प्लॅनवर महिन्याला १,००० एपीआय कॉलच मिळतात, तेव्हा एकेक रेकॉर्ड पाठवू नका, दहाच्या गठ्ठ्यात पाठवा.

मध्येच तुटलं आणि एजंटने सगळं पुन्हा पाठवलं की दुबार नोंदी होतात. त्यासाठी ‘परफॉर्म-अपसर्ट’ वापरा (जुळणारी नोंद असेल तर ती बदलते, नसेल तर नवी होते) आणि जुळणीचं फील्ड म्हणून सभासद क्रमांकासारखं काही द्या. आणि अद्ययावत करताना कायम पॅच प्रकारची विनंती पाठवा, पुट नव्हे. पुटमध्ये जी फील्ड पाठवली नाहीत ती रिकामी होतात. नुसता फोन नंबर बदलायला गेलात तर पत्ता, गाव, हप्ता सगळं पुसलं जाईल.

साडेपाच तासांचा फरक

वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) येते. ५ मार्चला रात्री साडेबाराला झालेली नोंद ४ मार्च, १९:०० अशी दिसते. सूत्रातलं ‘टुडे’ही यूटीसीच धरतं, म्हणून पहाटे साडेपाचच्या आधी चालणारं काम कालच्या नोंदी उचलतं. सूत्रात ‘डेटटाइम-फॉरमॅट’च्या आत ‘सेट-टाइमझोन’ने आशिया/कोलकाता द्या.

कच्चा कर्ल एजंटच्या हाती देऊ नका

आता तो बांध. वीस-पंचवीस ओळींची एक स्क्रिप्ट लिहा. तिला चारच उपआज्ञा असाव्यात: रचना, वाच, बनव, बदल. डिलीट नाही, पुट नाही, टाइपकास्ट नाही. टोकन फाइलमधून तीच वाचेल, ‘--फेल-विथ-बॉडी’ तिच्यातच असेल, ऑफसेट पाठवून पुढची पानं तीच उलटेल. ती ‘हो की नाही’ असं विचारत थांबता कामा नये, कारण उत्तर द्यायला कोणी नसलं की एजंट तिथेच अडकतो. मग एजंटच्या परवानग्यांत ही स्क्रिप्ट मोकळी ठेवा, कर्ल आणि टोकनची फाइल वाचणं नाकारा. एजंट तुमच्याच खात्याखाली चालतो, त्यामुळे हे कुलूप पूर्ण पक्कं नाही. म्हणूनच टोकन एकाच बेसपुरतं बनवा.

पहिल्यांदा लिहायला लावण्याआधी बेसची एक प्रत काढून तिच्यावर चालवा, आणि प्रतीतल्या ऑटोमेशन आधी बंद करा. एपीआयने बनवलेल्या रेकॉर्डवरही ‘नवीन रेकॉर्ड आला’ हा ट्रिगर चालतो. चाचणीच्या ३०० नोंदी टाकल्यात आणि ऑटोमेशन चालू राहिलं, तर ३०० ईमेल खऱ्या सभासदांना जातील.