फुंकण्याची टेस्ट नीट द्यायची कशी?

यंत्रमागावर, सूतगिरणीत किंवा विड्या वळण्यात उमर गेलेल्या माणसाला जिना चढताना धाप लागली, की घरचे म्हणतात, "वय झालं आता." सोलापुरात हे वाक्य घरोघरी ऐकू येतं आणि त्यापायी तपासणी लांबते. दमा, सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या आकसण्याचं दुखणं), सुताच्या धुळीने होणारा बिसिनोसिस ही दुखणी एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाहीत. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही ९८ दाखवत राहतो. श्वासनळ्या आकसल्यात का, हे कळतं स्पायरोमेट्रीने, म्हणजेच फुंकण्याच्या टेस्टने. मशीन नुसतं मोजतं, जोर पेशंटने लावायचा असतो. फुंकर अर्धवट पडली तर रिपोर्ट फसवा येतो.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, घटतं वजन किंवा थुंकीत रक्त असेल, तर आधी थुंकी तपासा. टीबी असताना जोरात फुंकलं की जंतू खोलीभर पसरतात. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. नमुना सकाळी उठल्या उठल्या, साध्या पाण्याने चूळ भरून, मोकळ्या हवेत घ्यावा. दोन-तीन खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला चमचाभर घट्ट बेडका हवा. नुसती लाळ भरलेली डबी उपयोगाची नाही.

आता स्पायरोमेट्री. हार्ट अटॅक किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर किमान एक आठवडा, पोटाचं किंवा छातीचं ऑपरेशन झालं असेल तर चार आठवडे थांबतात. म्हणून तारीख घेतानाच हे सांगा. पंप (इनहेलर) चालू असेल तर कोणता किती तास आधी बंद ठेवायचा, हेही तेव्हाच विचारा. साधारणपणे सॅल्ब्युटामॉल ४ ते ६ तास, फॉर्मोटेरॉल किंवा साल्मेटेरॉल असलेला २४ तास आणि टायोट्रोपियम ३६ ते ४८ तास बंद ठेवतात. पण निदान आधीच झालेलं असून औषध कितपत लागू पडतंय एवढंच बघायचं असेल, तर पंप चालूच ठेवायला सांगतात. आणि दम वाढला तर टेस्टचा विचार न करता पंप घ्यायचा. तारीख पुढची मिळते. टेस्टच्या आधी तासभर विडी-सिगारेट नको, धावपळ नको. गच्च जेवून किंवा कमरेला आवळलेल्या कपड्यांत जाऊ नका. घट्ट बसणारी कवळी काढू नका, तिच्यामुळे ओठ नीट मिटतात.

उंची अनवाणी मोजून घ्या. तुमचा आकडा तुमच्याच वयाच्या, उंचीच्या निरोगी माणसाशी ताडून बघतात. उंची अंदाजाने लिहिली की टक्केवारी तिथेच चुकते.

खुर्चीवर ताठ बसा, दोन्ही पाय जमिनीवर टेका, नाकाला क्लिप लावून घ्या. छाती पूर्ण भरेपर्यंत झटक्यात श्वास घ्या, नळी दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटा, जीभ नळीखाली ठेवा. मग क्षणाचाही वेळ न घालवता, चुलीतला विस्तव एका दमात फुलवावा तशी जोरात फुंकर मारा. आणि थांबू नका. इथेच बहुतेकांचं चुकतं. पहिल्या सेकंदात बरीच हवा निघून जाते आणि "संपलं" असं वाटतं. पण आकसलेल्या नळ्यांतली उरलेली हवा हळूहळू, कधीकधी १५ सेकंदांपर्यंत येत राहते. मध्येच सोडलं तर एकूण हवा कमी मोजली जाते आणि पहिल्या सेकंदाचं तिच्याशी असलेलं प्रमाण उगाच चांगलं दिसतं. म्हणजे सीओपीडी असून रिपोर्ट "नॉर्मल" येऊ शकतो.

किमान तीन चांगल्या फुंकरी लागतात आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या दोन १५० मिलीलिटरच्या आत जुळाव्या लागतात. म्हणून "परत फुंका" म्हटलं की वैतागू नका. चक्कर आली तर मात्र लगेच सांगा. नंतर सॅल्ब्युटामॉलचे चार पफ देऊन १५ मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. दमा की सीओपीडी, हे ठरवायला ही दुसरी फेरी लागते, ती सोडून घरी जाऊ नका. पंपानंतरही पहिल्या सेकंदातल्या हवेचं एकूण हवेशी प्रमाण ०.७० च्या खाली राहिलं, तर सीओपीडीची शंका बळावते.

टेस्टच्या दिवशी दमा शांत असेल तर रिपोर्ट चांगला येऊ शकतो. सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्याच दिवशी छाती आवळते, अशी तक्रार असेल तर पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा जोर मोजणारं हातात धरायचं साधं यंत्र, घ्या. काटा शून्यावर आणा, उभं राहून पूर्ण श्वास भरा, एकच जोरकस फुंकर मारा. असं तीनदा करून मोठा आकडा लिहा: ३८०, ४१०, ४०० आले तर ४१०. दिवसातून चार वेळा, चार आठवडे, कामाचे आणि सुट्टीचे दोन्ही दिवस धरून. समोर वेळ, पाळी, कोणत्या खात्यात काम केलं आणि पंप घेतला का, हेही लिहा. समजा सुट्टीच्या दिवशी ४२० असलेला आकडा कामाच्या पहिल्या संध्याकाळी ३४० वर आला आणि दर आठवड्याला तसंच घडलं, तर ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. त्रास कारखान्यातल्या धुळीचा आहे का, हे ठरवायला त्यांना हीच वही लागते.