एक्झॉर्बिटंट वापरताय? मग या चुका टाळा

रिक्षावाल्याने दुप्पट भाडं मागितलं की हल्ली इंग्रजीत तक्रार टाकताना एक्झॉर्बिटंट (exorbitant), म्हणजे वाजवीपेक्षा फारच जास्त, हा शब्द हमखास येतो. शब्द दणदणीत आहे, पण बऱ्याचदा कुठेतरी माती खाल्लेली असते.

पहिली गोष्ट स्पेलिंग. एक्झॉस्ट, एक्झिबिशन यात एक्सनंतर एच आहे म्हणून इथेही लोक तो घुसवतात. नाहीये हो, एक्सनंतर थेट ओ. लॅटिनमध्ये ex म्हणजे बाहेर आणि ऑर्बिटा म्हणजे चाकोरी, बैलगाड्या जाऊन जाऊन मातीत पडते ना, अगदी तीच. ऑर्बिट हा शब्दही तिथूनच आलाय आणि त्यात कुठे एच असतो? 15व्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तो कायद्याच्या भाषेत, नियमाच्या कक्षेत न बसणारं प्रकरण अशा अर्थाने, पैशाशी त्याची सोयरीक नंतर जुळली.

आता मराठी माणूस इथे हमखास फसतो, कारण आपल्याकडे चाकोरीबाहेरचं म्हटलं की ते कौतुक असतं, चाकोरीबाहेरचं करिअर, चाकोरीबाहेरचा विचार वगैरे. इंग्रजीत उलटा मामला. एक्झॉर्बिटंट म्हटलं की बोलणारा वैतागलाय, हे अती झालं असं त्याचं म्हणणं आहे. त्यामुळे भाच्याला मस्त पॅकेज मिळालं म्हणून अभिनंदन करताना एक्झॉर्बिटंट सॅलरी लिहाल तर त्याचा अर्थ होतो की एवढ्या पगाराची याची लायकी नाही! तिथे हँडसम सॅलरी म्हणा.

महाग आणि एक्झॉर्बिटंट यातही फरक आहे, आणि माझ्या मते शब्दाची खरी गंमत इथेच आहे. हातमागावरची अस्सल पैठणी 40 हजारांना असेल तर ती एक्स्पेन्सिव्ह, कारण तिच्यामागे कारागिराची तेवढी मेहनत आहे. पण छापील किंमत 20 रुपये असलेली पाण्याची बाटली कोणी 60 ला गळ्यात मारली तर ते झालं एक्झॉर्बिटंट, मराठीत ज्याला आपण अवाच्या सवा म्हणतो. आकडा छोटा असला तरी चालतो, तो वाजवीपेक्षा किती जास्त आहे ते महत्त्वाचं.

पाऊस, ट्रॅफिक, उकाडा यांना हा शब्द लावू नका, तिथे हेवी किंवा एक्सेसिव्ह. याची संगत प्राइस, फी, रेंट, इंटरेस्ट, डिमांड यांच्याशी. पण फक्त पैशाच्या रकमेलाच लागतो असंही नाही हं, डॉलरमुळे अमेरिकेला जगात जो फुकटचा फायदा मिळतो त्याला एक्झॉर्बिटंट प्रिव्हिलेज म्हणतात, 1960च्या दशकात फ्रान्सचे तेव्हाचे अर्थमंत्री व्हॅलेरी जिस्कार देस्तँ यांच्या नावावर हा शब्दप्रयोग आहे.

एक्झुबरंट हा वेगळा प्राणी, त्याचा अर्थ उत्साहाने उसळणारा, घाईत टाइप करताना ऑटोकरेक्टने अदलाबदल केली नाही ना बघा. आणि एक्झॉर्बिटंट प्राइस्ड असं लिहू नका, एक्झॉर्बिटंटली प्राइस्ड लिहा. पुढे व्हेरी लावायची तर गरजच नाही, शब्द आधीच पुरेसा चिडलेला आहे.