बातमीदार नायिका असलेली रहस्यकादंबरी कशी लिहावी

रहस्यकादंबरीत तपास करणारा माणूस पोलिस असला, तर त्याला झडती घेता येते, चौकशीला बोलावता येते आणि अटकही करता येते. बातमीदाराला यांतले काहीच करता येत नाही. तरीही हा नायक लेखकांना पूर्वीपासून खुणावत आला आहे. गॅस्ताँ लेरू या फ्रेंच लेखकाने १९०७ मध्ये एका तरुण बातमीदाराला बंद खोलीतल्या गुन्ह्याचा छडा लावायला पाठवले, आणि लेरू स्वतः न्यायालयाच्या बातम्या देणारा पत्रकार होता.

बातमीदाराला जे कळलेले असते आणि जे त्याला छापता येते, त्यांत नेहमी अंतर असते. माझ्या मते या प्रकारच्या कादंबरीचा सगळा जीव या अंतरातच आहे. म्हणून लिहायला बसण्यापूर्वी वहीत दोन रकाने आखावेत. पहिल्यात प्रत्येक प्रकरणाअखेर नायिकेला काय ठाऊक झाले ते लिहावे, आणि दुसऱ्यात त्यातले उद्याच्या अंकात काय येऊ शकते ते लिहावे. दोन्ही रकाने सारखेच भरत असतील, तर त्या प्रकरणात ताण नाही असे समजावे.

सुरुवात मोठ्या गुन्ह्याने करण्याचा मोह टाळावा. नाशिकच्या एका दैनिकात मी काही वर्षे उपसंपादक म्हणून रात्रपाळी केली. त्या काळात माझ्या हाताखालून सर्वांत जास्त गेलेली बातमी म्हणजे ‘अकस्मात मृत्यूची नोंद’ या शब्दांनी संपणारी चार ओळींची बातमी. उदाहरणार्थ: ‘गोदावरीच्या पात्रात गाडगे महाराज पुलाजवळ सोमवारी सकाळी अंदाजे पंचेचाळीस वर्षे वयाच्या अनोळखी पुरुषाचा मृतदेह आढळून आला. अंगात निळा शर्ट असून उजव्या मनगटावर नाव गोंदलेले आहे. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली आहे.’ ही बातमी लावताना कोणी थांबत नाही. आपल्या नायिकेला इथेच थांबवावे, आणि तिच्या थांबण्याचे कारण तिच्या व्यवसायातूनच यावे.

समजा, देह वरच्या बाजूने वाहत आला असावा असा पोलिसांचा अंदाज आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे, याची बातमी नाशिकची वृत्तपत्रे नेमाने देतात, आणि पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत चढले यावरून गावातली माणसे पुराचा अंदाज बांधतात. विसर्ग शनिवारी दुपारीच बंद झाला होता, ही माहिती नायिकेने स्वतः फोनवर घेऊन छापलेली आहे. मग सोमवारी पहाटे तो देह कोणत्या पाण्याने आणला? हा धागा पहिल्याच प्रकरणात वाचकासमोर उघडा ठेवावा. ती विसर्गाचे आकडे टाइप करते आहे, एवढेच दाखवावे आणि पुढे जावे. मात्र एवढ्यावर तिला जिंकू देऊ नये. धरणाच्या खालच्या भागात जोराचा पाऊस झाला, तरी नाले भरून गोदावरीला पाणी येते, हा आक्षेप वृत्तसंपादकाने घ्यायलाच हवा. तिला रविवारच्या पावसाची नोंद मिळवावी लागेल, आणि ती मिळेपर्यंत दुसरा रकाना रिकामा राहील.

माहिती देणारी माणसे रंगवताना घाई करू नये. पोलिस ठाण्यात कोणीही एका बैठकीत सगळे सांगून टाकत नाही. नायिका वर्षानुवर्षे ज्या हवालदारांना ‘मामा’ म्हणत आली आहे, त्यांना ती विचारते, “मामा, पंचनाम्यात चप्पल आहे का?” ते रजिस्टर मिटवत म्हणतात, “नसलेली चप्पल कोण लिहितं, ताई? घरी जा आता, पाऊस येतोय.” चप्पल देहाजवळही नव्हती आणि घाटावरही सापडली नव्हती, हे तिला कळले. पण मामांचे नाव घेता येत नाही, म्हणून ते छापता येत नाही. पुढे वरिष्ठ अधिकाऱ्याने ‘हे तुम्हाला कोणी सांगितले?’ असे विचारले, तर तिची बाजू नेमकी ठाऊक असावी. प्रेस कौन्सिल कायदा, १९७८ च्या कलम १५(२) नुसार कौन्सिलपुढील कामकाजात पत्रकाराला आपले सूत्र उघड करण्यास भाग पाडता येत नाही. न्यायालयापुढे मात्र असे निरपवाद संरक्षण नाही. मामांची नोकरी तिच्या गप्प राहण्यावर टिकून आहे, हे वाचकाला जाणवले पाहिजे.

कथेचा काळ आधी ठरवावा, कारण १ जुलै २०२४ पासून कायदे बदलले आहेत. त्यापूर्वीच्या खुनाला भारतीय दंड संहितेचे कलम ३०२ लागते, त्यानंतरच्या खुनाला भारतीय न्याय संहितेचे कलम १०३. अकस्मात मृत्यूची चौकशी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे, ती आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर संवेदनशील प्रकरणे वगळता प्रथम माहिती अहवाल संकेतस्थळावर येतात, त्यामुळे केवळ फिर्यादीची प्रत मिळवण्यासाठी नायिकेला रात्रभर धडपडायला लावू नये.

गुन्ह्याचा हेतू शोधण्यासाठी वृत्तपत्राच्या ज्या पानाकडे लेखक ढुंकूनही पाहत नाहीत, ते पान उघडावे. ‘तमाम लोकांस या जाहीर नोटिशीद्वारे कळविण्यात येते की’ अशी सुरुवात असलेल्या नोटिशीत गावाचे नाव, गट क्रमांक, क्षेत्र, जमीन लिहून देणाराचे नाव आणि हरकत घेण्याची मुदत असते. नाशिकच्या वाढत्या हद्दीवरच्या द्राक्षबागांच्या जागी इमारती उभ्या राहत असताना अशा नोटिशीवर हरकत घेणारा एखादा भाऊबंद कोणाच्या तरी वाटेत उभा असतो. नायिकेने त्या गट क्रमांकाचा सातबारा पाहावा, त्यावरचे फेरफार तपासावेत, आणि मनगटावर गोंदलेले नाव तिला तिथे सापडावे. हा पुरावा मृत्यूच्या आधीच तिच्याच अंकात छापून आलेला होता, आणि तो जाहिरात विभागाच्या टेबलावरून गेल्यामुळे संपादकीय विभागात कोणीच वाचला नव्हता. ही बोच तिला शेवटपर्यंत राहू द्यावी.

आवृत्त्यांचे वेळापत्रक हे तर रहस्यलेखकासाठी मोठेच साधन आहे. कळवण, सुरगाणा, येवला अशा तालुक्यांना जाणारी डाक आवृत्ती आधी छापली जाते आणि शहर आवृत्ती रात्री उशिरा. उशिरा आलेल्या एखाद्या जाहिरातीसाठी शहर आवृत्तीतून मनगटावरच्या नावाची ओळ कापली गेली, असे समजावे. नाशकात बसलेल्या खुन्याला देहाची ओळख पटू शकते हे कळतच नाही. सुरगाण्यात मात्र किराणा बांधून आलेल्या कागदावर मृताची बायको ती ओळ चार दिवसांनी वाचते आणि एसटीने सीबीएसला, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरून कार्यालयाचा पत्ता विचारत येते. असा प्रसंग पोलिस नायकाच्या कादंबरीत घडू शकत नाही. तो घाईने उरकू नये. बाईंनी पिशवीतून काढलेल्या, तेलाचे डाग पडलेल्या त्या कागदाला एक पूर्ण पान द्यावे.

स्थळवर्णन बेताचेच असावे. रामकुंड, पंचवटी, रविवार कारंजा ही नावे मोजून दाखवण्यापेक्षा नायिका रोज कोणत्या वेळी कुठे असते ते ठरवावे: सकाळी पोलिस आयुक्तालय, दुपारी जिल्हा रुग्णालय, सायंकाळी कार्यालय. हद्दीचा प्रश्नही ध्यानात ठेवावा. शहरात पोलिस आयुक्त असतात, ग्रामीण भागात पोलिस अधीक्षक, आणि गुन्हा एका हद्दीत घडून देह दुसऱ्या हद्दीत सापडला की कागद रखडतात. तेवढ्या दिवसांत नायिकेला दोन्हीकडे जाऊन येता येते.

उकल करताना सर्वांना एका खोलीत जमवून खुन्याचे नाव जाहीर करणे बातमीदाराला शोभत नाही. त्याऐवजी शेवटचे प्रकरण लिहिण्यापूर्वी तिची अखेरची बातमी तीनशे शब्दांत खरोखरच लिहून काढावी. त्या बातमीत ‘खुनी’ हा शब्द येणार नाही, ‘संशयित’ येईल. मामांचा उल्लेख नसेल. सुरगाण्याच्या बाईंचे नाव त्यांनी संमती दिली तरच येईल. पहिल्या रकान्यातले जे काही या तीनशे शब्दांत मावले नाही, ते समोर ठेवून शेवटचे प्रकरण लिहायला घ्यावे.