हार्ड डिस्क दिसते पण उघडत नाही, डेटा असा निघाला (माझा अनुभव)

१ टीबीची डिस्क, नाव दिसायचं पण क्लिक केलं की वरची हिरवी पट्टी रेंगाळत बसायची आणि शेवटी विंडोज म्हणणार फॉरमॅट करा. केबल बदलली, पोर्ट बदलला, फरक शून्य. लॅमिंग्टन रोडवर एकजण चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्त करायचं टूल) मारून देतो म्हणाला, नको म्हटलं, ते डिस्कवर लिहायला जातं आणि उरलंसुरलंही घालवतं. डोकं पार आउट झालेलं.

क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करंट पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणाऱ्या जागा) वाढत चाललेले, म्हणजे डिस्कच जातेय. मग केसिंगमधून काढून थेट कॉम्प्युटरच्या आतल्या साटा पोर्टला जोडली, पेनड्राइव्हवरून लिनक्स बूट केलं आणि डिस्क माउंट न करताच (म्हणजे न उघडता) जीएनयू डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कची कॉपी काढणारं टूल लावलं, इमेज (अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी कॉपी) दुसऱ्या मोठ्या डिस्कवर. आधी त्याचा 'डॅश एन' (-n) हा पर्याय, म्हणजे खराब जागा खरवडत न बसता चांगलं ते पहिलं उचलतं. मग 'डॅश डी डॅश आर ३' (-d -r3), म्हणजे डिस्क थेट वाचून खराब जागांवर आणखी तीनदा प्रयत्न, पण मॅपफाइल तीच द्यायची हां, कुठवर वाचलं ते त्यात असतं, मध्येच लाइट गेली तरी तिथूनच पुढे. नंतर टेस्टडिस्क हे हरवलेला डेटा शोधणारं टूल त्या इमेजवर चालवलं, मूळ डिस्कवर नाही, फोल्डर नावांसकट आले. फोटोरेक या तशाच दुसऱ्या टूलनेही फायली निघतात पण नावं जातात.

डिस्क टकटक वाजत असेल तर यातलं काहीच करू नका, बंद करून सरळ रिकव्हरी लॅबला द्या.