पायथॉनच्या प्रोग्रामला लॉगिंग कसे जोडावे

प्रोग्राम कुठे अडतो हे पाहण्यासाठी जागोजागी प्रिंट लिहिण्याची सवय बहुतेकांना असते. परंतु तोच प्रोग्राम सर्व्हरवर रात्री आपोआप चालू लागला की त्या ओळी वाचायला समोर कोणीच नसते. अशा वेळी लॉगिंग, म्हणजे प्रोग्रामने काय केले याच्या नोंदी फाइलमध्ये ठेवणे, उपयोगी पडते. त्यासाठीचे लॉगिंग हे मॉड्यूल २००३ मधील २.३ या आवृत्तीपासून पायथॉनसोबतच मिळते, त्यामुळे वेगळे काही इन्स्टॉल करावे लागत नाही.

प्रथम मुख्य फाइलमध्ये, इतर काम सुरू होण्यापूर्वी, बेसिककॉन्फिग हे फंक्शन कॉल करून त्यात लॉग-फाइलचे नाव, लेव्हल (किती महत्त्वाच्या संदेशांपासून पुढे नोंद करायची), ओळीचा फॉरमॅट आणि एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) द्यावे. रूट लॉगरला (सर्व लॉगरांच्या मुळाशी असलेल्या लॉगरला) आधीच एखादा हँडलर, म्हणजे संदेश फाइलमध्ये किंवा स्क्रीनवर पोहोचवणारा भाग, जोडलेला असेल, तर हे फंक्शन कोणतीही एरर न देता मुकाट्याने काहीच करत नाही. सेटिंग बदलूनही फरक पडत नसेल, तर सर्वांत आधी हेच तपासावे. एन्कोडिंग यूटीएफ-८ असे स्पष्ट लिहावे (ही सोय ३.९ पासून आहे), कारण विंडोजवर ते राहून गेल्यास ग्राहकाचे देवनागरीतील नाव फाइलमध्ये बहुधा \u0928 अशा न वाचता येणाऱ्या संकेतांत उतरते.

त्यानंतर प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला गेटलॉगर वापरून त्या मॉड्यूलच्या नावाचा लॉगर (संदेश नोंदवणारा ऑब्जेक्ट) तयार करावा आणि फॉरमॅटमध्ये वेळ, लेव्हल व लॉगरचे नाव घ्यावे, म्हणजे कोणती ओळ कुठून आली हे शोधत बसावे लागत नाही.

खरा विचार करावा लागतो तो लेव्हल ठरवताना. डीबग १०, इन्फो २०, वॉर्निंग ३०, एरर ४० आणि क्रिटिकल ५० अशा या चढत्या पायऱ्या असून, काहीच न सांगितल्यास वॉर्निंगच्या खालचे संदेश गाळले जातात. बिलिंगचा प्रोग्राम असेल तर बिल तयार झाले ही इन्फो. एसएमएस गेला नाही, पुन्हा पाठवला जाईल, ही वॉर्निंग. आणि पैसे आले पण नोंद झाली नाही, ही एरर. सगळेच एरर म्हणून लिहिणाऱ्या प्रोग्रामच्या एररकडे पुढे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

संदेशात नेमकेपणा हवा. ‘पेमेंट अयशस्वी’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. ‘बिल ४५१२: पेमेंटची नोंद झाली नाही, डेटाबेसकडून ३० सेकंदांत उत्तर नाही’ ही ओळ वाचणाऱ्याला थेट कामाला लावते. पासवर्ड, ओटीपी आणि आधार क्रमांक मात्र लॉगमध्ये कदापि लिहू नयेत. एरर हाताळणाऱ्या एक्सेप्ट ब्लॉकमध्ये लॉगरची एक्सेप्शन ही मेथड वापरावी, कारण ती संपूर्ण ट्रेसबॅक (एरर कोणत्या ओळींतून आली याची यादी) आपणहून जोडते.

शेवटी फाइलच्या आकाराची तजवीज करावी, अन्यथा डिस्क भरून प्रोग्रामच बंद पडायचा. फाइल भरली की ती बाजूला ठेवून नवी सुरू करणाऱ्या रोटेटिंगफाइलहँडलरला कमाल आकार १० एमबी आणि जुन्या प्रतींची संख्या ५ दिल्यास एकूण जागा साधारण ६० एमबीच्या आत राहते. या दोहोंपैकी एक जरी शून्य ठेवले, तरी फाइल वाढतच जाते. हा हँडलर बेसिककॉन्फिगला देताना फाइलचे नाव तेथून काढून हँडलरमध्ये लिहावे, कारण दोन्ही एकत्र दिल्यास एरर येते, आणि एन्कोडिंगही हँडलरमध्येच द्यावे.